पडद्यावरची मान

“कशावरनं?” हाच त्यांचा नमस्कार. आष्ट्याकडचे निवृत्त फौजी, उभी नोकरी गेटवर पहारा देण्यात गेलेली. पहिल्या भेटीत मी नाव सांगितलं, सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो म्हणालो, तर म्हणाले, “कशावरनं? आय-कार्ड दावा.” फोटो माझ्या तोंडाशी ताडून पाहिला, तरी समाधान काही दिसलं नाही. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

डायलिसिससाठी त्यांच्या मानेतल्या शिरेत नळी बसवली होती. अशा नळीमुळे शिरेतलं रक्त कुठे रखडतं, कुठे गुठळी धरू शकतं, हे मी कॉम्प्युटरवर गणित मांडून बघत होतो. त्यासाठी पेशंटचे स्कॅन लागत. त्यांनी सही केली खरी, पण कागद आधी उजेडात धरून पाहिला. हॉस्पिटलातला चहासुद्धा आधी बायकोला प्यायला लावायचे. ती माउली हसत प्यायची आणि सांगायची, “साखर कमी हाय, बाकी काय न्हाई.”

डॉक्टर सारखे सांगत होते, की मानेतली नळी तात्पुरती आहे, तिच्यातून जंतू शिरतात, हातावर छोटं ऑपरेशन करून फिस्टुला, म्हणजे शीर आणि धमनीचा कायमचा जोड, करून घ्या. हे ऐकेनात. “चांगल्या हाताला सुरी? ह्यात कायतरी काळंबेरं हाय.” शेवटी डॉक्टरांनी दोघा नवरा-बायकोला माझ्याकडे धाडलं.

मी पडद्यावर त्यांच्या शिरेतल्या रक्ताचं हलतं चित्र दाखवलं. नळीच्या टोकाशी निळा पट्टा होता, म्हणजे तिथे रक्त जवळजवळ थांबलेलं. फौजी मात्र पडद्याचा कोपरा न्याहाळत होते. तिथे नुसता नंबर होता. पेशंटचं नाव लिहायचं नाही, हा आमचा नियम, पेशंटच्याच भल्यासाठी केलेला.

“नाव न्हाई, गाव न्हाई! कुणाचंबी रगात दावून मला भ्या घालताय व्हय?” म्हणाले आणि उठलेच.

त्यांना कसंबसं थांबवून मी त्याच स्कॅनमधून अख्खी मान उभी केली, कातडीसकट. बायको पुढे सरकली. “आवं, ह्ये आवाळू तुमचंच की!”

कानाखालची ती मऊ गाठ त्यांनी चाचपली, पडद्यावरच्या गाठीवर बोट ठेवलं, पुन्हा आपली चाचपली. मग हळूच विचारलं, “हितं थांबतंय व्हय माजं रगात?” आवाज घाबरलेला होता. मला त्या माणसाची एकदम माया आली.

ऑपरेशनला हो म्हणाले. तारीखही ठरली. पण त्याआधीच नळीवाटे जंतू रक्तात गेले, हुडहुडी भरून ताप चढला आणि त्यातच ते गेले. मी चिडलो, त्यांच्यावरच. साऱ्या जगावर संशय घेतलात, तेवढा त्या नळीवर घ्यायचा होता!

पुढे एकदा त्यांची बायको कॉलेजात आली. “ते चित्तर हाय का अजून?” मी चालू केलं. खुर्ची ओढून ती बसली. रक्त येत होतं, नळीला वळसा घालून पुढे जात होतं, पुन्हा येत होतं. बऱ्याच वेळानं म्हणाली,

“बास करा आता, सर. लय दमलं असतील.”