साक्षीची पेशी

सेक्टर सहाच्या शेषराव मेश्रामांनी पस्तीस वर्षं स्टील प्लांटमध्ये वेल्डिंग केलं आणि एकोणीस वर्षं दुर्गच्या कोर्टात कुम्हारीच्या प्लॉटची केस लढवली. वेल्डिंगमधून ते रिटायर झाले, केसमधून नाही. शाळा हिंदीत झालेली, मराठी घरापुरती. त्यामुळे ‘पेशी’ या शब्दाचा त्यांना एकच अर्थ ठाऊक: इस्त्रीचा सदरा घालून जजसाहेबांसमोर उभं राहणं.

दहा वर्षांच्या नातीला, साक्षीला, लिम्फोमा नावाचा कॅन्सर निघाला. डॉक्टर अनुजा नागपूरच्या. समोर मराठी माणूस बघून त्यांनी हौसेनं पुस्तकी मराठी काढली.

“काका, साक्षीच्या पेशी तपासायच्या आहेत.”

शेषराव ताठ झाले. “साक्षीची पेशी? मॅडम, ते नाबालिग आहे! तिले कोर्टात कावून बोलावता?”

“हिंदीतली कोशिका हो, कोशिका!” डॉक्टर हसू दाबत म्हणाल्या. “कोशिकांवर त्यांना एकमेकींशी चिकटवून धरणारे रेणू असतात. कॅन्सरच्या कोशिकांवर त्यांतले काही फार वाढले, काही घटले, तर आजार पसरायचा धोका बदलतो. ते पाहिलं की पुढचा अंदाज बांधायला मदत होते. पण नुसत्या त्यावरून निकाल लागत नाही.”

“म्हणजे जॉइंट पाहून रायले तुमी,” वेल्डर म्हणाला.

“हो. फक्त इथे नको त्या जागी जॉइंट लागला तर वाईट.”

सगळे रिपोर्ट आले. डॉक्टर म्हणाल्या, “अंदाज चांगला आहे.” झालं! संध्याकाळपर्यंत अर्ध्या सेक्टरला कळलं, की मेश्राम केस जिंकले.

चौथी कीमो नेमकी गोंदियाच्या लग्नादिवशी आली. लग्न शेषरावांच्या भाच्याचं आणि साक्षीचा नाच महिनाभर आधीच बसवलेला. “आबाजी, एक हफ़्ता आगे कर दो ना!” ती म्हणाली. पोरीचं तोंड बघून शेषराव विरघळले. एकोणीस वर्षं केस लढलेल्या पक्षकाराला उपाय एकच ठाऊक. फुलस्केपवर अर्ज झाला: ‘सविनय निवेदन है कि प्रार्थी की पोती की कीमो को अगली तारीख दी जाए.’

त्यांच्या बायको अंजनाबाई कडाडल्या, “कोर्टात तारखा मागू मागू उमर गेली तुमची! आता पोरीच्या औषधालेही तारीख मांगून रायले?”

तरी अर्ज डॉक्टरांच्या टेबलावर गेलाच. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला.

“काका, साक्षीला जामीन मिळालाय. सुटका नाही. जामिनावरचा माणूस तारखेला आला नाही तर?”

“वारंट निघते.” शेषरावांनी अर्ज उचलला, चार घड्या घालून खिशात कोंबला. “आमी हजर राहू, मॅडम.”

बाहेर येऊन त्यांनी साक्षीला सांगितलं. “आबाजी, कट्टी!” म्हणून तिनं तोंड फिरवलं.

लग्नाला अंजनाबाई एकट्या गेल्या. इकडे वॉर्डात साक्षीच्या हाताला सलाइन आणि शेषरावांच्या हातात व्हिडिओ कॉल. बुद्धवंदना झाली, मंगल परिणय झाला, डीजे सुरू झाला. साक्षीनं मोकळा हात वर केला आणि पलंगावर बसल्या बसल्या खांदे उडवायला लागली.

“सुई हिल जाएगी!” सिस्टर ओरडली.

“सुईवाला हाथ नहीं हिला रही, सिस्टर, सिर्फ़ कंधे!” साक्षी म्हणाली. “आबाजी, फ़ोन सीधा पकड़ो ना! आजी को मेरा डांस दिखना चाहिए.”