बाला वात झाला तेव्हा

"वर चढू नको. तितनंच वढ त्याला," पाटील म्हणाले.

मी पायरीखाली उभी. माझा बा वर ओट्यावर, पाटलांच्या घोंगडीवर तक्क्याला टेकून बसलेला. अंगात मुदतीचा ताप, डोळे लालभडक. मुळशीच्या डोंगरातलं आमचं गाव. बा महारकीची कामं करायचा, पाटलांचे सांगावे गावोगाव पोचवायचा. जन्मभर तो त्या पायरीच्या खालीच उभा राहिला. त्या सकाळी तापात वात झाला, बरळायला लागला आणि सगळं विसरला. आई पाण्याला गेली होती. मी चूल पेटवत होते, तेवढ्यात तो उठून सरळ इथं येऊन बसला.

"तुका, पानी आन की," तो पाटलांना म्हणाला. नावानं. अरेतुरे. जमलेली माणसं हसत होती. पाटील हसत नव्हते.

मी पाय धरले आणि ओढलं. वर जाऊन खांद्याला धरलं असतं तर नीट उतरवता आलं असतं. पण मी वर चढायचं नव्हतं. बाचं डोकं पायरीवर आपटलं. कुणी पुढं आलं नाही. पाटलांच्या माणसांनी ती घोंगडी काठीनं ढकलून अंगणात टाकली, ओट्यावर गोमूत्र शिंपडलं. मी ओढतच राहिले.

पौडच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "तापानं डोकं गोंधळलंय. हळूहळू येईल भानावर."

ताप उतरला. पण बाला आईचं नाव आठवेना. मला तो आत्याच्या नावानं हाक मारायचा. भाकरी हातात धरून नुसता बसायचा, खायचं सुचायचं नाही. तशात पाटलांचा सांगावा आला, पायरीवर नाक घासायला या.

वाटेत बा रस्ता चुकला. मीच त्याला वळवून आणलं. पण पाटलांच्या दारात पोचला आणि बरोबर पायरीखाली, त्याच जागी जाऊन थांबला. वहाणा काढल्या, हात जोडले. माझं नाव विसरलेल्या बाला ती जागा तेवढी आठवली होती.

"आलं का ध्यानात, कुटं थांबायचं?"

"व्हय जी. चुकलं."

तो वाकायला लागला. मी त्याचा दंड धरला.

"न्हाई घासायचं, बा."

"पोरीलाबी वात झाला काय?" पाटील म्हणाले.

"मला ताप न्हाई," मी म्हणाले आणि पायरीवर बसले. बाला शेजारी बसवलं.

दोघांनाही मार बसला. दारोदारची भाकर बंद झाली, काम गेलं. बा पुढं बराचसा सावरला, पण मरेपर्यंत त्या ओट्यासमोर त्याचे पाय थबकायचे. मी दंडाला धरून त्याला पुढं न्यायची.

अजूनही कुणाच्या घरी गेले की मला आधी पायरी दिसते. म्हणून मी आधी चढते, मग बोलते. माझ्या पोरांना ती खालची जागा मी दाखवलेली नाही. दुसरं कुणी दाखवायला आलं तर त्याची गाठ माझ्याशी आहे.