आधी रंग बघा

"आधी रंग बघा," असे म्हणून माझ्या शेजारच्या बाई हातातली कोणतीही बाटली उजेडाकडे तिरपी धरत. हडपसरच्या आमच्या सोसायटीत मधाची बाटलीसुद्धा यातून सुटली नाही. तुम्हीही अशी माणसे पाहिली असतील, ज्यांचे काम त्यांच्या मागोमाग घरी येते.

त्या एका प्रयोगशाळेत पेशी वाढवत. पेशींचे द्रवरूप खाद्य गुलाबी असते. पेशींची दाटी झाली की ते पिवळे पडते.

मी शाळेत विज्ञान शिकवत असे. मुलींना द्यायच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या लसीविषयी पालकांशी बोलण्यासाठी मी त्यांना बोलावले. त्यांनी फळ्यावर एकमेकींना टेकलेल्या पेशी काढल्या.

"निरोगी पेशी शेजारणीला टेकली की वाढ थांबवते. काही बिघडले तर 'थांब' म्हणणारे प्रथिनही तिच्यात असते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा विषाणू ते प्रथिन पेशीच्याच कचरा-यंत्रणेत टाकतो. बहुतेकींच्या शरीरातून हा विषाणू आपोआप जातो. काहींच्या जात नाही."

एक वडील म्हणाले, "मॅडम, मुलगी सातवीत आहे. एवढी घाई कशाला?"

"लस लागणीच्या आधीची आहे. आत शिरलेला विषाणू ती बाहेर काढत नाही."

"तुम्ही घेतलीत?"

"आमच्या वेळी नव्हती. माझ्या वयाला तपासणी."

"ती केलीत?"

त्यांनी खडू खाली ठेवला. "नाही. राहिली."

"म्हणजे नियम फक्त आम्हाला," ते म्हणाले. वर्ग हसला. त्याही हसल्या.

त्याच आठवड्यात त्या तपासणीला गेल्या. कर्करोग निघाला, आणि उशीर झाला होता. मला एवढेच म्हणाल्या, "रोज बाटल्या बघत होते हो. स्वतःकडे बघायचं राहून गेलं."

उपचार चालू असतानाच त्यांनी पुन्हा पालकसभा मागितली. डोक्याला रुमाल बांधून आल्या, तेच चित्र काढले आणि शेवटी त्या वडिलांकडे वळून म्हणाल्या, "मागच्या वेळी यांनी विचारलं ते बरोबर होतं. मी उशिरा गेले. तुम्ही लवकर जा."



पुढच्या वर्षी ते वडील शाळेत आले. "त्या बाटलीवाल्या बाई दिसत नाहीत?"

"गेल्या. दिवाळीनंतर."

त्यांनी दाराकडे हात केला. "मुलीची लस झाली. हिचीही तपासणी केली. रिपोर्ट चांगला आहे. त्यांना दाखवावा म्हटलं."

दाराशी त्यांची पत्नी फाईल घेऊन उभी होती. फाईल त्यांनी माझ्याकडे दिली, आणि बाईंच्या जागी मी ती वाचली.