आठ नारळांचं बाळ

माझ्या थोरल्या काकूइतकं बाळंतपणांचं वेड अख्ख्या कोकणात कुणाला नसेल, आणि तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं. मुरुडला आमच्या घरी माहेरपणाला आलेली प्रत्येक पोटुशी लेक तिच्या तावडीत सापडायची. सकाळी तुपात थबथबलेला मऊभात, दुपारी नारळाच्या रसात बुडवलेल्या खापरोळ्या, आणि दिवेलागणीला आणखी काहीतरी. "नको" म्हटलं की काकू कमरेवर हात ठेवून म्हणे, "तुला कोण विचारतंय गो? आतल्याला भूक लागलेय!" मग बारशाच्या दिवशी सुपारी तोलायचा काटा ओटीवर यायचा. एका पारड्यात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, दुसऱ्यात सोललेले नारळ. पाच भरले तर काकू "ठीक" म्हणे, सहा भरले तर आळीभर साखर वाटे. सात नारळांचा एक भाचा तर लग्नाला उभा राहिला तरी गावात 'सातनारळी'च राहिला होता.

काकूच्या मनात मात्र आठ नारळ होते. एकोणीसशे तीस उजाडायच्या बेतात असताना मी पहिलटकरीण म्हणून घरी आले आणि तिला हुरूप चढला. आठव्या महिन्यात खारवीवाड्यातल्या सुईणीने माझं पोट चाचपलं आणि ती गंभीर झाली. "काकू, पोर मोप मोठा हाय. हिचा खाणा आता आवरा. डोका भायेर येईल नि खांदे अडकतील."

"तुझं काम झेलायचं, माझं वाढायचं," असं म्हणून काकूने तिला वाटेला लावलं आणि माझ्या पानात आणखी एक खापरोळी टाकली. मीही ती खाल्ली. खोटं कशाला बोलू, फार गोड लागत होती.

सुईण म्हणाली होती तसंच झालं. भर दुपारी डोकं बाहेर आलं आणि बाळ तिथंच अडलं. दापोलीचा दवाखाना बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. सुईणीने मला हातापायांवर ओणवी केली आणि काकूवर ओरडली, "हिची कंबर धरा आधी, रडा मागाहून!" काकूला कुणी हुकूम सोडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि तिने तो मुकाट्याने पाळला. लेक निळीसावळी बाहेर आली, बऱ्याच वेळाने रडली. तिचा डावा हात नुसता लोंबत होता. माझं इतकं रक्त गेलं की महिनाभर मी अंथरुणाला खिळून होते.

बारशाला काटा ओटीवर आला नाही. काकूने आठ नारळ आधीच सोलून ठेवले होते, त्यांचं तिने तेल काढवलं. ते संपलं की पुन्हा नवं, असं करत वर्षभर तिने लेकीचा हात रोज चोळला. हात हलायला लागला, पण खांद्याच्या वर कधी गेला नाही. पुढे काकू कुठल्याही लेकीचं पान सुईणीला विचारूनच वाढायची, आणि अंगणात उभी राहणारी सुईण ओटीवर पाटावर बसू लागली.

काकू शेवटची आजारी पडली तेव्हा माझी लेक नऊ वर्षांची होती. काकूला पेज भरवायची ती मुद्दाम डाव्या हाताने. "जड होतंय का गो?" काकू प्रत्येक घासाला विचारी. लेक "नाही" म्हणे. चमच्यातली निम्मी पेज काकूच्या चोळीवर सांडायची. मी पुसायला गेले की काकू माझा हात बाजूला करायची.