टिचबटणाचे दात

खालच्या जबड्यात पुढचे चार दात उरले होते आणि चारही हलत होते. वरची कवळी बरी बसली होती, खालची काही केल्या बसेना. घास चावला की जिभेवर यायची. एकदा शेजारणीशी बोलता बोलता मांडीवर पडली. ती हसली असती तर बरं झालं असतं. तिनं दुसरीकडे बघितलं.

मी कळण्याच्या भाकरीवर वाढले. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, जाड, सोबत ठेचा आणि कच्चं तेल. दात गेले तसं सून माझं वेगळं करू लागली. आधी भाकरीचा नुसता पापुद्रा, मग दुधातला कुस्करा, मग पातळ खिचडी. सून वाईट नाही. पण माझ्या सासूचं असंच झालं होतं. आधी तिचं ताट वेगळं झालं, मग ताटाची वाटी झाली, मग वाटी खाटेपाशी जाऊ लागली. त्यानंतर घरात काही ठरवायचं असलं की कोणी तिच्याकडे बघत नसे. त्या वाटीत खिचडी मीच कालवायची, म्हणून मला ते ठाऊक आहे. मला सगळ्यांबरोबर बसून भाकरी चावायची होती. बाकी तोंडाची शोभा वगैरे मला काही नको होती.

मुलगा कापडाच्या लूमवर काम करतो. त्याला कोणीतरी सांगितलं की गावातल्या एका दातांच्या दवाखान्यात ठरलेल्या रविवारी इंदूरहून जबड्याचा डॉक्टर येतो. गेलो. डॉक्टर तिशी-पस्तिशीचा, हळू बोलणारा. म्हणाला, हे चार काढू, जखम भरू देऊ, मग हाडात दोन स्क्रू बसवू आणि खालची कवळी त्यांच्यावर अडकवू.

"टिच बटन जैसा, अम्माजी. ऊपर से दबाया, टक से बैठ गया."

टिचबटण मला कळतं. आयुष्यभर ब्लाउजला लावलेत. मी म्हटलं, बसवा.

त्याच्या हाताखालच्या बाईनं विचारपूस केली. साखर? नाही. बीपी? थोडं. तमाखू, गुटखा, बिडी? मी म्हटलं, नाही. मुलगा म्हणाला, "नहीं मैडम, अम्मा को कोई आदत नहीं."

आम्ही दोघंही खोटं बोललो नव्हतो. तंबाखू बाप्ये खातात आणि भिंती रंगवतात. मी मिश्री लावते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, आणि सकाळ-संध्याकाळ बोटानं हिरड्यांना घासायची. माझी आई लावायची, सासू लावायची. मी तवा ठेवला की गल्ली खोकायला लागते. पण डॉक्टरला सांगायची ही गोष्ट आहे, असं आमच्यात कोणाला वाटत नाही. राख लावली, मीठ लावलं, तशी मिश्री लावली. दात घासण्याला कोणी आदत म्हणतं का?

दात काढले ते दुखलं नाही. सुई टोचली तेवढीच. ओठ फुगलेल्या पोळीसारखा वाटायला लागला. पण ऐकू येत होतं. ओल्या जमिनीतून तुरीचे खुंट उपटताना मुळं तुटतात, तसा आवाज आतून, कवटीतून येत होता. चौथा दात निघाला तेव्हा डॉक्टरच्या कपाळावर घाम होता. त्यानं ताटलीत चारही दाखवले. लांबलांब, मुळाशी काळे. ते काळं त्यानं बघितलं असणारच. विचारलं नाही.

"घर ले जाना है, अम्माजी?"

"कशाला? परत लावायला?" मी तोंडातल्या कापसाच्या बोळ्यातून म्हटलं. त्याला कळलं की नाही, माहीत नाही.

जखम भरायला हिवाळा गेला. स्क्रू बसवायच्या दिवशी बाहेरच्या बाकावर फोपनार गावची एक बाई भेटली. माझ्यापेक्षा लहान, तोंडावर पदर धरलेला. शेजारी तिचा नवरा.

"काय झालं, माय?" मी विचारलं.

"दाढ काढली दुसरीकडे. खड्डा भरत नाही."

"कधी काढली?"

"केळी लावली तवा."

"आणि आता?"

"आता घड कापताहेत."

नवरा म्हणाला, "तोंड बोटभरच उघडतं हिचं. भांडायला मात्र पुरतं."

"तुमच्यासाठी बोटभर लई झालं," ती पदराआडून म्हणाली.

तिनं कमरेची डबी काढून माझ्यापुढे धरली. मी चिमूट घेतली, तिनं घेतली. दाताच्या दवाखान्यात, दातांच्या भल्यामोठ्या चित्राखाली आम्ही दोघी मिश्री लावत बसलो. आतली बाई दोनदा बाहेर येऊन गेली. माझा नंबर आला तेव्हा मी चूळ भरून आत गेले.

खुर्चीत बसल्यावर मी डॉक्टरला विचारलं, "मेल्यावर याचं काय होतं? जळतं का हे?"

मुलानं हिंदीत सांगितलं. डॉक्टर हसला. "नहीं, अम्माजी. बाकी सब जल जाएगा, ये रहेगा."

मी मुलाला म्हटलं, "राख सावडताना बघून घे रे. दोन असतील."

तो फोन आल्यासारखं करून बाहेर गेला.

हाडाला भोक पाडतात तेव्हा गार पाणी सोडत राहतात. दुखत नाही, पण सगळं डोकं थरथरतं, डोळ्यांतसुद्धा. मी सासूची वाटी डोळ्यांपुढे ठेवली आणि पडून राहिले. टाके घातल्यावर डॉक्टरनं सांगितलं, गरम नको, चावायचं नाही, मीठपाण्याच्या चुळा, आणि तिथं बोट लावायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ठणका लागला. गोळीनं थांबेना. सुनेनं डबी आणली.

"आत्याबाई, थोडी लावा. बसंल."

"बोट लावू नको म्हणालाय तो."

"ते घाणेरडं बोट हो. साबणानं धुवा की."

पटलं. आमच्याकडे दात दुखला की मिश्री दाबून धरतात आणि दुखणं बसतं, हे खोटं नाही, बसतंच. मी साबणानं हात धुतले, दोनदा धुतले, आणि टाक्यांवर मिश्री लावली. ठणका बसला. मग रोजच लावत राहिले. प्रत्येक वेळी हात धुऊन. सुनेनं त्यासाठी साबणाची नवी वडी काढून दिली होती.

टाके काढायला गेले तेव्हा डॉक्टर नव्हता, त्याच्या हाताखालच्या बाईनं काढले. ती म्हणाली, हिरडी लाल आहे, चुळा चालू ठेवा. पुढच्या खेपेला मुलगा आणि सून दोघं सोबत होती. डॉक्टरनं डावीकडच्या स्क्रूला बोट लावलं आणि तो गोल फिरला. भिंतीतून सैल झालेला खिळा फिरतो तसा. त्यानं तो चिमट्यानं धरला, आणि स्क्रू जोर न लावता बाहेर आला. सोबत पू आला. त्याची मला घाण वाटली, माझ्याच तोंडातली असून. त्यानं कापसानं पुसलं. कापूस काळा झाला.

"ये क्या लगाती हैं आप?"

सुनेनं माझ्या पिशवीतून डबी काढून दिली. तिला वाटलं, औषध विचारतोय. त्यानं उघडली, वास घेतला.

"ये तो तमाखू है."

"मिश्री आहे," मी म्हटलं.

"जला हुआ तमाखू है, अम्माजी. टाँकों पर?"

"हात धुऊन लावायची," सून म्हणाली.

डॉक्टरनं हातमोजे काढले आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मग मुलाला झापलं. मुलगा म्हणाला, "पर सर, वो तो सब औरतें लगाती हैं."

"इसीलिए तो मैं हर बार यहाँ आता हूँ," डॉक्टर म्हणाला.

बाहेर बाकावर फोपनारचा तो नवरा एकटा बसला होता. बायकोच्या जबड्याचे जुने फोटो न्यायला आला होता, मोठ्या दवाखान्यात मागितले होते.

"कशी आहे?" मी विचारलं.

"अर्धा जबडा काढला. नळीनं दूध देतो."

"कशानं झालं म्हणाले?"

त्यानं बोट हिरडीला लावून दाखवलं. "तरी मलाच म्हणते, डबी आण. बोलता येत नाही तर खूण करते."

"मग?"

"मग काय. देऊ कशी, आणि नाही तरी कसं म्हणू?"

मी डबी घरी येऊन मोरीत ओतली. कोणावर उपकार म्हणून नाही. उजवीकडचा स्क्रू अजून होता आणि डॉक्टर म्हणाला होता, मिश्री सुटली तर डावीकडे पुन्हा बघू. डोकं दुखायचं, पोट साफ होईना, मी सगळ्यांच्या अंगावर जायचे. सून म्हणाली, "आत्याबाई, यापेक्षा तुम्ही मिश्रीच लावा." पण लावली नाही.

पावसाळा सरल्यावर पुन्हा फोटो काढला. डॉक्टरनं तो उजेडात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. उजवा पक्का बसला होता, दगडासारखा. डावीकडचं हाडच खाल्लं गेलं होतं. दुसरीकडचं हाड आणून भरावं लागेल, म्हणाला, आणि तुमच्या वयात, तुमच्या बीपीत मी ते करणार नाही. एका स्क्रूवर, तोही एका बाजूचा, कवळी टिकत नाही.

"टिचबटणाचा एकच भाग," मी म्हटलं.

"जी."

"तो काढणार?"

"तकलीफ नहीं दे रहा, तो रहने दीजिए."

म्हणून तो राहिला. जीभ लावली की कडक लागतो. चांगला बसलाय, आणि काही कामाचा नाही.

परवा रात्री सगळे जेवायला बसले. ताटात कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. माझ्यापुढे वाटी. अजून वाटी पंगतीतच असते, खाटेपाशी गेलेली नाही. घराला रंग द्यायचं चाललं होतं. कोणता द्यायचा, ते मुलगा बायकोला विचारत होता, सून नातीला विचारत होती. मी थांबून बघितलं. माझ्याकडे कोणी वळलं नाही.

मग मी मुलाला म्हटलं, "आता एकच सापडेल."

"काय?"

"स्क्रू. दोन सांगितले होते तुला. राजघाटावर नदीत राख सोडशील तेव्हा उगाच दुसरा शोधत बसू नको."

"आई, जेवताना हे काय बोलतेस."

"तुम्ही जेवा," मी म्हटलं. "मी कुठं जेवतेय."