उजव्या दरवाज्यामागचं दूध

फ्रीज दुरुस्त करणाऱ्याला किस्से शोधायला जावं लागत नाही, ते आपसूक साठतात. डॉक्टरला माणूस जीभ दाखवतो, पाहुण्याला बाहेरची खोली. आम्हाला मात्र लोक थेट स्वयंपाकघरात नेतात आणि फ्रीजचं दार उघडून बाजूला उभे राहतात. आत जे दिसेल त्यावर काही बोलायचं नाही, हा धंद्याचा पहिला नियम. नव्वदच्या दशकात पेणला भाऊंच्या दुकानात मी तो शिकलो आणि आता इतक्या वर्षांनी मोडतोय.

भाऊ म्हणजे दुकानाचे मालक, मी त्यांचा मेकॅनिक. पेणपासून रोह्यापर्यंत कुठेही फ्रीज बंद पडला की निरोप आम्हाला यायचा. भाऊंचा हात चांगला होता. फक्त "मला म्हायती नाय" हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. याचा पुढे संबंध आहे.

*

पेणजवळच्या जिते गावात एक रिटायर्ड मास्तर होते. तक्रार एकच, बर्फ होत नाही. दोनदा गेलो. गॅस ठीक, कॉम्प्रेसर ठीक, दाराचं रबर ठीक. तिसऱ्या खेपेला भाऊंनी सहज विचारलं की फ्रीज चालू किती वेळ असतो.

"सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास," मास्तर म्हणाले. "मधे त्याला आराम देतो."

भाऊंनी त्यांना समजावलं की मास्तर, कंपनी कशी चोवीस तास चालते, तीन शिफ्टमध्ये, तसं हे यंत्र आहे. मास्तरांनी मान हलवली. बोटांवर शिफ्ट मोजल्या.

"म्हणजे आणखी दोन फ्रीज घ्यावे लागतील?"

*

पेणमध्येच एका मूर्तिकाराकडे फ्रीजचं दार लागत नव्हतं. गणपतीचा सीझन तोंडावर आलेला, घरात पाय ठेवायला जागा नाही. मी दार उघडलं तर आत ओल्या फडक्यांत गुंडाळलेले सतरा हात! शाडू पटकन वाळला की तडकतो म्हणून नुसते हात आधी करून थंड ठेवलेले. दूध, भाजी, कोथिंबीर सगळं बाहेर ओट्यावर.

एका हाताची बोटं दारात येत होती. मी तो जरा आत ढकलला, तर मूर्तिकार मागून धावत आले.

"हळू हो. तो आशीर्वादाचा आहे."

*

आता वरशाचा फ्रीज. रोह्याला लागून वरसे, तिथे त्या काळात नवी घरं उठत होती. त्यातल्या एका घरातला मुलगा आखातात नोकरीला. त्याने जहाजातून दोन दरवाज्यांचा फ्रीज पाठवला. वर-खाली दोन नव्हे, कपाटासारखे शेजारी शेजारी. डावीकडे बर्फाचा भाग, उजवीकडे साधा. असा फ्रीज आम्ही दोघांनी फक्त चित्रात पाहिला होता. घराच्या दारातून तो आत जाईना, तेव्हा खिडकीचे गज काढून घेतला. आम्हाला बोलावलं होतं तो नीट बसवून चालू करून द्यायला.

घरात दोघीच. मुलाची आई, जिला सगळे आजी म्हणत, आणि सून वैशाली. नवरा गेल्यापासून आजींनी मच्छी सोडली होती. वैशाली खाडीकडची, तिला मच्छीशिवाय घास उतरत नसे. आजींचं नाक असं की तिसऱ्या घरात कोणी सुकट भाजली तरी त्या पदर नाकाला लावायच्या. भांडण कधी झालं नाही, पण वर्षभर एका घरात दोन स्टोव्ह पेटत होते. आजी पडवीत, वैशाली आत. जेवायलाही वेगवेगळ्या बसत.

फ्रीज पाहून आजींनी भाऊंना विचारलं, "यात मच्छी ठेवली तर माझ्या दुधाला वास लागंल काय?"

भाऊंनी दोन्ही दारं उघडली. आत फिरवायची दोन बटणं दिसली. भाऊंना तेवढं पुरलं. "दोन बटणं, दोन मशिनी," ते म्हणाले. "मधी भिंत हाय. हिकडची हवा तिकडं जायाची नाय. माझी जबाबदारी."

आजींनी तीनदा विचारलं, भाऊंनी तीनदा जबाबदारी घेतली. डावा दरवाजा वैशालीचा, उजवा आजींचा असं ठरलं. त्याच आठवड्यात आजींनी पडवीतला स्टोव्ह उचलून माळ्यावर टाकला आणि दोघी एकत्र जेवायला बसू लागल्या. आम्हाला हे कळलं, कारण वैशालीने दुकानात खास निरोप पाठवला होता. सोबत नारळ होते.

*

दोनएक महिन्यांनी दुसरा निरोप आला. डावीकडे बर्फ दगडासारखा, उजवीकडे दूध नासतंय.

भाऊंनी जागच्या जागी निदान केलं की उजवीकडची मशीन गेली. आम्ही फ्रीज ओढून बाहेर काढला, मागचा पत्रा खोलला. आत एक कॉम्प्रेसर. दुसरा शोधायला भाऊ जमिनीवर आडवे झाले, बॅटरी मारली. मग स्टुलावर चढून वर पाहिलं. त्यांनी केलेलं सगळं मी पुन्हा एकदा केलं, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. आजी भाजी निवडत आमच्याकडे बघत होत्या.

"सापडली?" त्यांनी विचारलं.

भाऊंनी पत्रा लावला आणि सांगितलं की पार्ट मुंबईहून आणावा लागेल. रोह्याहून परत येताना निडी स्टेशन गेलं, नागोठणं गेलं, भाऊ हातातला पाना पुसत बसले होते. पेणला उतरताना म्हणाले, "तू मुंबईला जाऊन ये. पार्टाचं नाव नको काढू. फ्रीज चालतो कसा, नुसतं येवढं विचारून ये."

*

मुंबईत एका जुन्या मेकॅनिकने मला फरशीवर खडूने चित्र काढून दाखवलं. पाच मिनिटं लागली. मशीन एकच. थंडी तयार होते फक्त डावीकडे. तिथला पंखा ती मधल्या भिंतीतल्या वरच्या भोकातून उजवीकडे ढकलतो. दुसरं बटण म्हणजे त्या भोकावरची झडप कमी-जास्त करायची.

"हवा एकच रे दोन्हीकडे," तो म्हणाला. "एवढं पण माहीत नाही?"

मी हे सगळं भाऊंना सांगितलं. भाऊंनी ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो फ्रीजचा नव्हताच. "मग आजीस काय सांगायचं?"

मला त्यांची कीव आली.

*

पुन्हा वरसे. मी उजवा दरवाजा उघडून भिंतीच्या वरच्या टोकाला हात घातला. भोक होतं, आणि त्यात कापडाचा घट्ट बोळा होता. मी वैशालीकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच नको म्हटलं. मग मला उमगलं. दुधाला वास लागतोय हे आधीच तिच्या लक्षात आलं होतं. आजींना कळायच्या आत तिने वाऱ्याची वाट बुजवली. भाऊंनीच सांगितलं होतं की उजवीकडे वेगळी मशीन आहे, तेव्हा बोळ्याने काही बिघडेल असं तिला वाटायचं कारणच नव्हतं.

पण आजी मागेच उभ्या होत्या. "काय हाय ते? काढ."

मी काढला. हिरव्या साडीचा तुकडा. साडी कोणाची ते त्या घरात सांगायची गरज नव्हती. भोकातून गार वारा लगेच माझ्या मनगटावर आला. आजींनी तुकडा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. वैशाली ओट्याला टेकून उभी होती, तिचा चेहरा पार उतरला होता.

भाऊ पुढे झाले. "आजी, माझं चुकलं. मशीन एकच हाय. हवा पण एकच. मला म्हायती नव्हतं."

आजींनी माळ्यावरच्या स्टोव्हकडे एकदा नजर टाकली. मग भाऊंना विचारलं, दूध गार व्हायला किती वेळ लागेल. भाऊ म्हणाले, तीन-चार तास. "मंग थांबा," आजी म्हणाल्या. ताज्या दुधाचं पातेलं त्यांनी स्वतः उजवीकडे ठेवलं. डावीकडे जिताडा मच्छीचे तुकडे होते, ताटलीत, उघडेच.

आम्ही तिथेच जेवलो, तिथेच बसून राहिलो. उन्हं कलल्यावर आजींनी पातेलं काढलं, दोन ग्लास भरले, एक भाऊंना दिला. भाऊ सकाळ-संध्याकाळ मच्छी खाणारा माणूस. त्यांनी एक घोट घेतला, नाक आक्रसलं आणि ग्लास हळूच खाली ठेवला.

आजींनी आपला ग्लास उभ्या उभ्या रिकामा केला. पदराने ओठ पुसले.

"वास येतो काय, आई?" वैशालीने विचारलं.

"मला नाय काय येत गो," आजी म्हणाल्या, आणि भाऊंचा ग्लास उचलून तोही प्यायल्या.