उत्तरं माझी, नाव भिंतीवरचं

"हे नाव खोड," मॅडम म्हणाल्या. "उत्तरं राहू दे. चांगली आहेत."

खोडायचं होतं ते नाव माझं होतं.

मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टरांच्या बायको. बोईसरला त्यांचं बाळंतपणाचं हॉस्पिटल आहे. मी तिथे एकतीस वर्षं काम करते. त्या दिवशी नर्सिंग कॉलेजची एक मुलगी आली होती, सफाळ्याकडची, निकिता नावाची. काम करणाऱ्या नर्सला समोर बसून प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहून न्यायची, खाली नर्सची सही आणि हॉस्पिटलचा शिक्का, असा त्यांना वर्गाचा अभ्यास होता. मी पांढरा ड्रेस घालून एका बाळंतिणीचं सलाईन बदलत होते. मुलगी सरळ माझ्याकडे आली. "सिस्टर, अर्धा तास द्याल?" म्हणाली.

माझा वेळ कुणी कधी मागितला नव्हता. सगळे घ्यायचे. मी दिला.

तिने विचारलं, शीर सापडत नसेल तर काय करता. मी सांगितलं, बाईचा हात आधी आपल्या दोन हातांत धरून ठेवायचा. हात गरम झाला, बाईची भीती उतरली, की शीर वर येते. तिने विचारलं, सगळ्यात कठीण प्रसंग कोणता. मी सांगितलं, तारापूरच्या कारखान्यात नवरा कामाला असलेली एक बिहारची बाई होती. बाळ झालं आणि रक्त थांबेना. डॉक्टर पालघरला लग्नाला गेले होते. ते फोनवर सांगत होते आणि मी तिचं पोट चोळत होते. दीड तास. माझे खांदे गेले, बाई राहिली. जाताना म्हणाली, "सिस्टरजी, आप नहीं होतीं तो मैं गई थी।"

मुलगी भराभर लिहीत होती. शिक्षण विचारलं. मी म्हणाले, चौथी. तिचं पेन थांबलं. तेवढ्यात मॅडम आल्या, कागद उचलला, वाचला आणि हसल्या.

"अगं वेडी, हे कॉलेजात दाखवणार? ही नर्स नाही. आया आहे. चौथी नापास."

"पास," मी म्हणाले.

"बघ, बोलायला पण शिकली." काऊंटरवरची पोरगी फिसकन हसली.

मग मॅडमनी भिंतीकडे बोट केलं. तिथे काचेत एक सर्टिफिकेट लावलेलं आहे. त्यावर एका शिकलेल्या सिस्टरचं नाव आहे. ती आमच्याकडे काम करत नाही. तिचं सर्टिफिकेट काम करतं. तिला मी आजवर दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा सरकारी तपासणी होती. तपासणीच्या दिवशी मला ड्रेस उतरवून, साडी नेसून गच्चीवर ओल्या चादरींमध्ये बसावं लागतं. साहेबलोक गेले की मॅडम जिन्यातून हाक मारतात, "ए, घाल गं ड्रेस."

"ते वरचं नाव लिही," मॅडम म्हणाल्या. "शिक्षण खोड, तिथे जी.एन.एम. लिही."

मुलीने खोडलं, नर्सिंगचा तो डिप्लोमा लिहिला. मॅडमनी त्या सिस्टरची सही स्वतःच केली. हात जरासुद्धा अडखळला नाही. वर शिक्का मारला. "झालं. शंभर टक्के मार्क. मावशी, तू जा, बेडपॅन धू."

मी गेले. बेडपॅन धुतलं. खोटं कशाला बोलू, सवयीने धुतलं. माझी आई सुकी मासळी विकायची. पहिल्या दिवशी मॅडमनी सगळ्यांसमोर माझे हात तीनदा साबणाने धुवायला लावले होते. "मच्छीचा वास येतो." तेव्हाही धुतले. त्याच वर्षी नर्स टिकेनात, तेव्हा डॉक्टरांनी त्याच हातांत सुई दिली. वांग्यात पाणी टोचून शिकवलं. आठ दिवसांत मला ड्रेस आला. पेशंटसमोर मी सिस्टर.

नळ चालू होता आणि मला दुसरी बाई आठवली. हिच्याबद्दल मी मुलीला सांगितलं नव्हतं. तिचं सलाईन मी जोरात सोडलं होतं. किती सोडायचं ते मला कुणी नीट शिकवलंच नव्हतं. ती फुगली, तिला श्वास घेता येईना. तिला मुंबईला हलवलं. पुढे काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तिच्या माणसांपुढे मॅडमनी मला उभं केलं आणि म्हणाल्या, "ही आया आहे, हिने आमच्या नकळत हात लावला. हिला काढून टाकलंय." मला पंधरा दिवस घरी बसवलं. मग पुन्हा ड्रेस दिला.

म्हणजे बाई वाचली तर हात भिंतीवरच्या सिस्टरचे. बाई गेली तर हात माझे.

मी नळ बंद केला आणि बाहेर पडले. मुलगी रिक्षास्टँडपर्यंत पोचली होती.

"थांब. दुसरा कागद काढ."

"मावशी, मला गाडी आहे."

आत मी सिस्टर होते. रस्ता ओलांडेपर्यंत मावशी झाले.

"गाडी दुसरी येल. काढ कागद."

तिने काढला. मग हळूच म्हणाली, "पण तुम्ही खरंच नर्स नाही ना?"

"नाय. तेच लिही. मी नर्स नाय, आनी एकतीस वर्सं सुया टोचते. कोनी टोचायला लावल्या ते पन लिही."

तिथेच, रिक्षाच्या मागच्या सीटवर बसून तिने लिहिलं. वांगं, गच्ची, भिंतीवरचं सर्टिफिकेट, सलाईनवाली बाई. सलाईनवाल्या बाईपाशी तिने माझ्याकडे पाहिलं. आता त्या नजरेत आदर नव्हता. बरं झालं. मला आदर नको होता, अक्षर हवं होतं. माझं अक्षर कुणी धड वाचत नाही. खाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या आणि नवऱ्याच्या नावासकट.

"हे मी सरांना नाही देऊ शकत," ती म्हणाली.

"सरांना नको. मला दे. आनी तो शिक्क्याचा पन."

"तो माझा अभ्यास आहे, मावशी! मला शून्य मिळेल."

"मिलू दे."

मी कागद धरला. तिनेही धरला होता. मी ओढला. तिने सोडला की माझी ओढ जास्त होती, सांगता येत नाही. ती रडत गेली. मला वाईट वाटलं नाही. उद्या तिचंही सर्टिफिकेट कुणीतरी भिंतीला लावायला मागेल. तेव्हा तिला हे शून्य आठवू दे.

दोन्ही कागद आता पाम गावात माझ्या घरी आहेत. एकावर माझं खोडलेलं नाव आणि मॅडमच्या हातची खोटी सही. त्यांनीच शिक्का मारून दिलेला पुरावा. दुसऱ्यावर मी.

सून घाबरली आहे. "आई, त्या मोठ्या लोकांचं काय नाय होनार. तुमालाच धरतील."

"धरू दे. मी एकटी नाय जायची. दोगांना घेऊन जाईन."

सोमवारी मी पालघरला जिल्ह्याच्या आरोग्याच्या कचेरीत जाणार आहे. तक्रार करायला आलेल्या म्हातारीला बाकावर बसवतात, पुढच्या आठवड्यात या म्हणतात. मी तक्रार करायला जात नाही. मी गुन्हा कबूल करायला जाते. म्हणेन, साहेब, मी डॉक्टरच्या हुकमावरून खोटी नर्स झाले, माझ्या हातून एक बाई गेली असेल, मला धरा. गुन्हेगाराचा जबाब तरी लिहून घ्यावाच लागतो. आणि या वेळी एकही नाव मी खोडू देणार नाही.